हेनला जुळणारे शब्द

टेबलावरची घंटी वाजली. मी हातातलं फडकं बादलीत टाकलं, पदराला हात पुसले आणि शाळेच्या ऑफिसात गेले.

मोठ्या मॅडम खुर्चीवर. त्यांच्या बाजूला कमिटीचे शेठजी, पाय लांब करून. टेबलासमोर दौलतभाऊ उभे. धुतलेला पांढरा सदरा, कोपरावर इस्त्रीनं पिवळा पडलेला. त्यांचा हात धरून त्यांची पोरगी सुमन. सहा वर्षांची. डोक्याला इतकं तेल की कपाळावर उतरलं होतं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना बसा म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

मोठ्या मॅडम मला म्हणाल्या, "आया, हेन से मिलते हुए शब्द बोलो. अर्थ के साथ."

मी दौलतभाऊंकडे पाहिलं नाही. सरळ उभी राहिले. बोलले.

"हेन, मुर्गी. पेन, कलम. टेन, दस. मेन, आदमी लोग. डेन, शेर की गुफा."

एक शब्द चुकला नाही. एक अर्थ चुकला नाही.

शेठजींनी मांडीवर थाप मारली. "वाह! देख लो भाई. हमारी आया को भी आता है. झाड़ू लगाते-लगाते सीख गई. और तुम्हारी लड़की के मुँह में दही जमा है. कौन लोग हो?"

"बौद्ध," दौलतभाऊ म्हणाले.

"मतलब वही ना?"

शेठजी उत्तराला थांबलेच नाहीत.

"बीड़ी सिखाओ इसको, बीड़ी. इंग्लिश स्कूल का शौक छोड़ो."

"जी," दौलतभाऊ म्हणाले. मग पोरीला वळवलं. जाताना सुमन मान मागं करून माझ्याकडं पाहत राहिली. दौलतभाऊंनी पाहिलं नाही.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "शाबाश, आया."

मला बरं वाटलं.

हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढं लिहायची हिंमत राहणार नाही. त्या घडीला मला बरं वाटलं. मी परत जाऊन फरशी पुसायला लागले तेव्हा हात हलका चालत होता.

माझं गाव हिंगणघाटच्या पलीकडं. चौथीत होते तेव्हा कापूस वेचायला बापानं शाळेतून काढलं, ते कायमचं. लग्न झालं आणि नवऱ्यासोबत इथं बालाघाटला आले. आधी नागपूर, मग गोंदिया, मग छोट्या लाईनची गाडी. डब्यात सगळे हिंदी बोलून राह्यले होते. मी खिडकीला डोकं लावून रडत होते. नवरा मँगनीजच्या खाणीत लागला. तीन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. गावाकडं भावाचं घर होतं. पण भावाच्या घरात भावजय होती, तिची चार लेकरं होती, आणि जागा नव्हती.

तेव्हा दौलतभाऊंनी ठेवून घेतलं. ते नवऱ्यासोबत खाणीत होते. नात्याचे ना गोत्याचे. त्यांच्या घराच्या ओसरीला त्यांनी कुडाची भिंत घातली आणि म्हणाले, "ताई, हे तुहं." त्यांची बायको कौसावहिनी. त्यांच्या सुमनला मी चालायला शिकवलं. ती मला आत्या म्हणायची.

नोकरीही त्यांनीच लावली. इंग्रजी शाळा नवीन निघाली होती, शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि अफसर लोकांनी मिळून काढलेली. दौलतभाऊ सुट्टीच्या दिवशी तिथं चुना मारायला गेले होते. शिडीवरूनच मोठ्या मॅडमना म्हणाले, "एक बाई आहे, चौथीपर्यंत शिकलेली, साफसूफ राह्यते." मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. जात विचारली. मी सांगितली. त्या म्हणाल्या, "ठीक है. पानी की मटकी को हाथ मत लगाना, बाकी सब काम करना." मी त्यांच्या पाया पडले.

मोठ्या मॅडम वाईट नव्हत्या. हेही लिहिलं पाहिजे. मला टायफाइड झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या रिक्शात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरला म्हणाल्या, ही माझी बाई आहे, नीट पाहा. माझी बाई. मी तापात ते ऐकलं आणि मला आईनं डोक्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

शाळेत माझं काम लहान वर्गात. नाकं पुसायची, नाड्या बांधायच्या, कोणी चड्डीत केलं तर धुवायचं. आणि कार्डं धरायची. लहान वर्गाच्या मॅडमना उभं राहवत नसे, पायाला सूज असायची. त्या खुर्चीवर बसत आणि मी फळ्याजवळ उभी राहून मोठमोठी पुठ्ठ्याची कार्डं वर करायची. वर चित्र, खाली इंग्रजी अक्षरं. कोंबडीचं चित्र, दहा बोटांचं चित्र, लेखणीचं चित्र. मॅडम म्हणायच्या "हेन", चाळीस पोरं ओरडायची "हेन". मॅडम "टेन", पोरं "टेन". मॅडमनी "किंग" म्हटलं आणि मी कोंबडी वर केली की पोरं हसायची, मॅडम रागवायच्या. नोकरी जाईल या भीतीनं मी अक्षरं ओळखायला लागले. आधी चित्रावरून, मग चित्र झाकून.

माझी आई जात्यावर बसली की ओळीच्या शेवटी शब्दाला शब्द भिडवायची. पीठ पडत जायचं, ओवी होत जायची. अंगठा लावणारी बाई, पण शेवटचा शब्द कधी चुकला नाही. मला कार्डं धरता धरता वाटलं, बाप्पा, हे तर आईचंच काम आहे. फक्त आईच्या ओवीत आधी सांगायचं असायचं आणि मग शब्द जुळायचा. इथं आधी आवाज जुळतो, मग कोंबडीशेजारी दहा येऊन बसतात. कोंबडीचा आणि दहाचा काय संबंध? काही नाही. तरी एकदा जुळले की एकमेकांचा हात सोडत नाहीत. किंग, राजा. रिंग, अंगठी. विंग, पंख. सिंग, गा. ब्रिंग, आण. बुक, पुस्तक. कुक, स्वयंपाकी. लुक, पाहा. शाळेत जाता-येता मी हे म्हणायची. पायाच्या ठेक्यावर बरोबर बसायचे.

एका वर्षात माझ्याकडे असे कितीतरी झाले. सगळे अर्थासकट.

वस्तीत मी एकालाही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "स्कूल की बात बाहर नहीं." ते खरं आहे. पण ते अर्धंच. आता इतक्या वर्षांनी स्वतःशी खोटं बोलून काय करू? ते शब्द माझे एकटीचे होते. माझ्या अंगावर दागिना नव्हता, कपाळावर कुंकू नव्हतं. वस्तीतल्या बायांत मी नवरा मेलेली, परक्या गावाची, दुसऱ्याच्या ओसरीत राहणारी. पण माझ्याजवळ असं काही होतं जे त्यांच्यापैकी कोणाजवळ नव्हतं. मी ते लपवून ठेवलं. ज्यांच्याजवळ आहे ते आपल्याला का देत नाहीत, म्हणून आम्ही बोटं मोडायचो. माझ्याजवळ मूठभर आलं तर मीही मूठ आवळली.

याहून वाईट पुढं आहे.

सुमनला त्या शाळेत घालायचं दौलतभाऊंनी ठरवलं तेव्हा ते संध्याकाळी माझ्या कुडाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, तिथं पोट्ट्यायले काय पुसतात?"

मला माहीत होतं. जी कार्डं मी वर्षभर धरली, त्यातलीच विचारतात. हेन विचारतात, किंग विचारतात, बुक विचारतात. दरवाजाजवळ उभी राहून मी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "काही नाही भाऊ. नाव पुसतात, गाव पुसतात."

"इंग्रजीत?"

"हौ, इंग्रजीत. तेवढंच."

महिनाभर दौलतभाऊंनी तिच्याकडून घोकून घेतलं. माय नेम इज सुमन. आय लिव्ह इन बालाघाट. खाणीतून आले की अंगावरची काळी धूळ न धुताच बसायचे. मी कुडाच्या या बाजूला भाकरी थापत ऐकायची. मध्ये काडीची भिंत. मी तिकडं जाऊन पाच शब्द सांगितले असते तर पोरीला एका संध्याकाळात आले असते. मनात यायचं, मॅडमना कळलं तर? कळणार कसं होतं! तरी मी गेले नाही.

ऑफिसात सुमननं तिचं नाव सांगितलं. चांगलं सांगितलं, मी बाहेरून ऐकलं. गाव सांगितलं. मग मॅडमनी हेन विचारलं. पोरगी गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. आणि मग घंटी वाजली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी बाया ओट्यावर बिड्या वळत बसल्या होत्या. मी गेले तशी कौसावहिनींनी नेहमीसारखं सूप सरकवून मला जागा करून दिली. त्या बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तेंदूच्या पानांची गड्डी माझ्याकडं ढकलली फक्त.

सुमन येऊन समोर उभी राहिली.

"आत्या, तुले येत होतं ना?"

"हौ."

"सगळं येत होतं?"

"हौ."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सुमे, चूप," कौसावहिनी म्हणाल्या. "जा, पानी भर."

ती गेली नाही. उत्तरासाठी उभी राहिली. मी खाली मान घालून पान कापत राहिले. कात्री चालत होती, पान चुकीचं कापलं जात होतं. माझ्याजवळ शंभर शब्द होते आणि त्या पोरीला द्यायला एक नव्हता.

त्या दिवसापासून मला शाळेत दिसायला लागलं. आधीही डोळे होतेच.

भरतीचे दिवस चालले होते. एका कपड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा आला. बाप खुर्चीवर, आई खुर्चीवर, मुलगा आईच्या मांडीवर. त्याला मॅडमनी हेन विचारलं. तो रडला. पुन्हा विचारलं तर त्यानं मांडीवरच मुतलं, ते खुर्चीवरून फरशीवर आलं. शेठजी म्हणाले, "शर्माता है. सीख जाएगा." नाव लिहिलं गेलं. मला बोलावलं ते पुसायला. त्या मुलाला दाखवायला मला कोणी हेन, पेन म्हणायला लावलं नाही.

मला कधी बोलावत होते ते मग लक्षात आलं. टांगेवाल्याचा पोरगा आला तेव्हा. हमालाचा आला तेव्हा. एका धोबिणीची जुळी आली तेव्हा. प्रत्येक वेळी शेठजींचं तेच. "देखो, हमारी आया को भी आता है." मला ऐकून ती माणसं स्वतःच उठायची. उठायची काय, बसलेलीच नसायची. कोणी भांडायचं नाही. झाडूवालीला येतं ते आपल्या लेकराला येत नाही, मग भांडायचं कशावर? शाळेनं त्यांना हाकललं नाही. माझ्या तोंडानं हाकललं. आणि सुमननंतरही मी बोलत राहिले. तीन वेळा. धोबिणीच्या जुळ्यांच्या वेळी माझा आवाज बसला होता तर मॅडम म्हणाल्या, जरा ज़ोर से. मी जोरानं बोलले.

मग एक गोंड बाई आली. लामटा गावाकडची. नवरा जंगल खात्यात चौकीदार. तिनं पोरीला नवी लाल रिबीन बांधली होती, गाठ सारखी सुटत होती आणि बाई सारखी बांधत होती. मी व्हरांड्यात होते. मॅडमचा आवाज ऐकू आला, "किंग." मग पुन्हा, "किंग." मग घंटी.

मी आत गेले. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. सुमनएवढीच.

"आया, किंग से मिलते हुए बोलो."

मी बोलले नाही.

"भूल गई?"

"नाही मॅडम. याद है."

"तो बोलो."

"नहीं बोलूँगी."

शेठजींनी पाय आखडून घेतले. मोठ्या मॅडम हसल्या, मी गंमत करतेय असं समजून. मग हसू गेलं.

मी टेबलाची कड धरली. त्या टेबलाला हात लावायची माझी पहिलीच वेळ, पुसण्याखेरीज. मी म्हटलं, "मॅडम, मैं दरवाजे के पास खड़ी रह के सीखी. एक साल में. ये अंदर बैठेगी तो आठ दिन में सीखेगी. मेरे को दिखा के इसको मत भगाओ."

"किसने सिखाया तुझे ये बोलना?"

"किसी ने नहीं."

मोठ्या मॅडम हळू आवाजात बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "टायफाइड में तुझे किसने उठाया था?"

"आपने."

"नौकरी किसने दी? तेरी जात जान के भी?"

"आपने."

"और आज तू कमिटी के सामने मेरी नाक काटती है?"

मला रडू फुटलं. मी खोटं रडले नाही. त्या बाईचं देणं माझ्यावर होतं, आणि ते मी आजही नाकारत नाही. पण रडता रडता तोंडातून निघालं, "आपका उपकार मेरे पे है मॅडम. इस बच्ची पे नहीं है. इससे मत वसूलो."

शेठजी म्हणाले, "निकालो इसको."

गोंड बाईला काही कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं की साहेब लोक चिडले आहेत. तिनं पोरीचा हात धरला आणि माझ्याआधी बाहेर पडली, घाईघाईनं, आपलंच काही चुकल्यासारखी. रिबीन पुन्हा सुटली होती. मी न बोलल्यानं त्या पोरीला जागा मिळाली नाही. हेही लिहिते, म्हणजे कोणी मला शूर समजणार नाही.

नोकरी गेली. दौलतभाऊंना सांगितलं तर ते वैतागले. "कायले सोडली? तुह्यासाठी मी शिडीवरून तोंड वेंगाडलं होतं त्या बाईपुढं."

"भाऊ," मी म्हटलं, "मले माहीत होतं तिथं काय पुसतात ते. मी तुम्हाले खोटं सांगतलं."

ते बादली घेऊन नळाकडं निघाले होते. थांबले.

"मले समजलं होतं," ते म्हणाले. "तू ऑफिसात बोलली न, तेव्हाच."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? परक्यानं मारलं तर माणूस बोंबलते तरी." आणि ते पाणी भरायला गेले.

त्यांनी मला ओसरीतून काढलं नाही. तोच मार जास्त लागला.

सुमनला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. मी तिला म्हटलं, "ये, मी शिकवतो तुले, सगळे शब्द शिकवतो." ती म्हणाली, "मले नाही पाहिजे तुहे." आणि तिनं कधीच घेतले नाहीत. वस्तीतली बाकी पोट्टी ओट्यावर माझ्याभोवती बसायची, कोळशानं भिंतीवर कोंबडी काढायची, पंख काढायची, ओरडून अर्थ सांगायची. सुमन समोरून डोक्यावर पाणी घेऊन जायची आणि चाल मंद करायची नाही. पाचवीनंतर तिनं शाळा सोडली. आता आईसोबत बिड्या वळते. तिचा हात आमच्या सगळ्यांत चपळ आहे. लोक कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही.

त्या दिवशी मी मूठ उघडली असती तर ती आज कुठं असती, हे मला ठाऊक नाही. कदाचित शेठजींनी दुसरं काही विचारून हाकललंच असतं. वस्तीतली शिकलेली पोरं मला हेच समजावतात. म्हणतात, आत्या, दोष त्यांचा आहे, तुझा नाही. दोष त्यांचा आहेच. तो मी त्यांना माफ करत नाही. पण माझा वाटा मी कोणाला देणार नाही. तो माझ्याजवळच राहू द्या. त्याच्यामुळंच मी बसून राहत नाही.

दर वर्षी भरतीच्या दिवसांत मी त्या शाळेच्या फाटकासमोर जाऊन बसते. सूप मांडीवर, तंबाखू आणि पानं सोबत. आतली जागा त्यांची असेल, बाहेरची सडक नगरपालिकेची आहे. गावाकडून कोणी लेकरू घेऊन बिचकत आलं की मी हाक मारते. बसवते. आत काय विचारतात, कोणाला विचारतात, कोणाला विचारतच नाहीत, सगळं सांगते. पोरीला तिथंच धुळीत बसवून शब्द देते, अर्थासकट. आणि बापाला सांगते, आत खुर्ची रिकामी असली तर बस. कोणी म्हणायची वाट पाहू नको.

दोन वेळा चौकीदारानं उठवलं. मी फाटकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मोठ्या मॅडमची रिक्शा जाते तेव्हा मी उभी राहून हात जोडते. त्या तोंड फिरवतात. मी पुन्हा बसते.

यंदा त्यांनी प्रश्न बदलले आहेत म्हणतात. बदलू द्या. पहिलं लेकरू बाहेर आलं की मी त्याला विचारीन, आणि दुसरं आत जायच्या आधी त्याला ठाऊक असेल.

मी तिथं माफीसाठी बसत नाही. सुमननं मला माफ केलेलं नाही, आणि उद्या केलं तरी मी उठणार नाही.